अंजनाबाईंचा दोर

अंजनाबाई, सोमवारी बाजाराच्या गर्दीत तुमचा पुतण्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाबू, मोठी माय गेली." मी सवयीनं हात पुढे केला. खिडकीशी येणारा माणूस कागद देतो, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. त्याच्याजवळ कागद नव्हता. तो "तुमाले सांगा म्हने, म्हून आलो," एवढं बोलला आणि बैलबाजाराकडं निघून गेला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात फिरतोय. दुःखाच्या दिवसांत असा प्रश्न पडावा याची मलाच गंमत वाटते. तुम्ही गेलात तिथं आवक-जावकची खिडकी असेल का? असली तर तिथल्या कारकुनाची मला आत्ताच कीव येते. त्यानं "होईल, बाई" म्हटलं की तुम्ही म्हणणार, "लिहून द्या." पण हे तुम्हाला सांगायची सोय नाही. तुम्ही मलाच झापलं असतं. "तिथं-बिथं काही नसते, बाबू. जे हाये ते इथंच."

तहसिलीत मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. तांड्यातला पहिला मॅट्रिक पास पोरगा म्हणून घरच्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं, आणि साहेबांनी आवक-जावकच्या खिडकीशी बसवलं होतं. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, मधे त्याचं काय होतं ते विचारायचं नाही. उन्हाळा होता. खिडकीशी येणारे सगळे एकच विचारत, "माझ्या अर्जाचं काय झालं?" आणि मी सगळ्यांना एकच सांगे, "होईल." तुम्ही आलात, डोक्यावरचा पदर नीट केलात आणि विचारलंत, "बाबू, माझा अर्ज कुठं गेला?"

काय झालं, असं नाही. कुठं गेला.

मी म्हटलं, साहेबांकडं गेला. तुम्ही म्हणालात, कोणत्या साहेबाकडं? कोणत्या खोलीत? तिथून कुठं जाईल? नेणारा माणूस कोण? तुम्ही एखाद्या पाहुण्याच्या गावाची वाट विचारावी तसं विचारत होतात. मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की यातलं मलाही काही माहीत नाही. तुमच्यामुळे मी पहिल्यांदा खुर्चीवरून उठलो आणि एका कागदाच्या मागं चालत गेलो.

अर्ज साधा होता. गावात सरकारी पैशातून सिमेंटच्या काठाची नवी विहीर झाली होती, आणि सरकारी म्हणजे सगळ्यांची, असं तहसीलदारसाहेबांनी स्वतः येऊन नारळ फोडताना सांगितलं होतं. तुमच्या पुऱ्यातल्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या, बायांना मात्र काठावर चढू देत नसत. त्यांनी खाली हंडे मांडून उभं राहायचं. कोणाला दया आली तर ती बाई आपल्या बादलीतलं पाणी वरून ओतणार. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत गावातल्या साऱ्या बाया वावरात गेल्या की दया करायलाही विहिरीवर कोणी नसे. तुमचा लेक तापानं फणफणला होता त्या दुपारी तुम्ही भरलेल्या विहिरीशी रिकामा हंडा घेऊन ऊन कलेपर्यंत उभ्या होतात. लेक वाचला. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्ज लिहून घेतलात. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे असा कायदा नुकताच झाला होता, आणि तो तुम्ही कोणाच्या तरी भाषणात ऐकला होता.

मी शोधत गेलो तर तुमचा अर्ज साहेबांकडून ठाण्यात गेला होता, ठाण्यातून जमादाराकडं, आणि जमादारानं चौकशीसाठी तो तुमच्याच गावच्या पोलीस पाटलाकडं दिला होता. विहिरीवर कोणी चढावं हे ठरवणारा माणूस तोच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. मी तुम्हाला हे सांगायला बिचकत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे माझा अर्ज माझ्या आधी गावात पोचला. बरा चालते."

मग जमादाराचा अहवाल आला. फाईल दाखवता येत नाही, नक्कल मागा, असं मी सांगितलं आणि तुम्ही नक्कल मागितलीत. आवारातल्या कडुलिंबाखाली बसून मी ती तुम्हाला वाचून दाखवली. ‘समक्ष चौकशी केली. अर्जदार बाई आपल्या दोर-बादलीने सदर विहिरीवरून रोज पाणी भरते. कोणाचीही हरकत नाही. तक्रारीत तथ्य नाही.’ खाली पंचांच्या सह्या आणि अंगठे.

"दोराचं पुन्हा वाचा," तुम्ही म्हणालात.

मी वाचलं. तुम्ही हसायला लागलात, अगदी डोळ्याला पदर लावून. मला वाटलं, बाईला धक्का बसला. मग तुम्ही मला समजावलंत. आपल्या मुलखात विहिरीवर जाणारी प्रत्येक बाई आपला दोर आपण नेते. दोर ज्याचा त्याचा, घरात खुंटीला टांगलेला. "पन ज्याले काठावर चढूच देत नाही, बाबू, तो दोर कायले घेईल? आमच्या पुऱ्यात हंडे हायेत, घागरी हायेत. दोर एकाही घरी नाही. जमादार विहिरीवर आलाच नाही. पाटलाच्या ओसरीवर चहा पेला अन् तिथंच माझ्या हातात दोर देला."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. विहिरीवर न जाता विहिरीचा अहवाल. दोर-बादली हे शब्द त्यानं विचार करून लिहिले नसतील, लिहायची पद्धत म्हणून लिहिले असतील. मला नवल याचं वाटलं की तुम्ही रागावला नाहीत. तुम्हाला कुतूहल होतं. एवढं खोटं लिहिताना माणूस काय विचार करत असेल, हे तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. "त्याले विचारता येईन काय?" तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, जमादाराला कोण विचारणार? "मी," तुम्ही म्हणालात, "पन तो मले उत्तर देनार नाही. तुमी विचारा. तुमाले द्यावं लागते."

अहवाल खोटा आहे म्हणून तुम्ही दुसरा अर्ज दिलात. आता गमती सुरू झाल्या. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. "नवे आदेश यायचे आहेत," असं आमचे हेडक्लार्क सांगू लागले. त्याच दिवाळीच्या सुमारास तुम्ही पुऱ्यासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात, पांढरं लुगडं नेसून खिडकीशी आलात, आणि मी तुम्हाला पहिल्यांदा ओळखलंच नाही. काही महिन्यांनी फाईलवर शेरा पडला, ‘अर्जदार बौद्ध झाल्याने अस्पृश्य राहत नाही, सबब कायदा लागू होतो काय, याचा खुलासा व्हावा.’

हा शेरा तुम्हाला वाचून दाखवायची मला लाज वाटली होती. तुम्ही मात्र बारीक डोळे करून विचार केलात. खरंच विचार केलात, थट्टा नाही. मग म्हणालात, "मी बदलली, हे खरं हाये. पन हाकलनारा बदलला नाही. तो मले जुन्याच नावानं हाकलते. खुलासा त्याले मागा." मी हे उत्तर साहेबी मराठीत लिहून दिलं. तुमच्या मराठीत ते जास्त चांगलं होतं.

मग महाराष्ट्र झाला. तुमचा अर्ज तीन राज्यांतून गेला आणि तहसिलीच्या आवाराबाहेर पडला नाही. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बसचं तिकीट वाचलं."

आपलं भांडण याच सुमाराचं, आणि ते अर्धवट राहिलं. मी म्हणायचो, सरकार वाईट नाही, थकलेलं आहे. इतकी गावं, इतके कागद, माणसं थोडी. बैल थकला की चालतो हळू, एवढंच. तुम्ही म्हणायच्या, "बैल थकला तं बसते, बाबू. खोटं सांगत नाही." मी म्हणायचो, विसरतं सरकार. तुम्ही म्हणायच्या, "वसुलीचं काहून विसरत नाही?" यावर मी विषय बदलून तुमच्या माहेरचा काढायचो, केळापूरकडचा, आणि तुम्ही तिथल्या बोरांच्या चवीबद्दल बोलत बसायच्या. मला कळायचं की तुम्ही मला सोडून देताय.

महाराष्ट्र झाल्यावर एक तरुण उपविभागीय अधिकारी आले. ते गावोगाव जाऊन खुली सुनावणी घेत. तुमच्या गावी मीच त्यांच्याबरोबर फाईल घेऊन आलो होतो. चावडीसमोर सतरंजी, एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला तो जमादार. साहेबांनी अहवाल वाचला आणि तुम्हाला विचारलं, "बाई, तुमचं म्हणणं काय?"

तुम्हाला आठवतं, तुम्ही विहिरीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. म्हणालात, "साहेब, आमच्या पुऱ्यात चाला अन् दोर शोधा."

साहेब उठले. त्यांनाही उत्सुकता वाटली असावी, बहुतेक. ते खरंच घरोघर गेले, वाकून आत पाहिलं, खुंट्या पाहिल्या. सगळा गाव मागं. सगळ्या पुऱ्यात मिळून एक दावं निघालं, शेळीचं. साहेबांनी ते हातात घेतलं आणि विहिरीवर आले. काठावरून आत सोडलं तर पाणी पार खाली राहिलं. कोणी हसलं नाही. साहेबांनी जमादाराकडं पाहिलं. जमादार विहिरीत पाहत होता, त्यानं ती पहिल्यांदाच पाहिली असावी.

"आजपासून या बाया इथं पाणी भरतील," साहेब म्हणाले, "चला, काढा."

आणि कोणाला काढता येईना, कारण दोर नव्हता. तुमच्या पुऱ्यातल्या बाया काठावर चढल्या होत्या, पहिल्यांदा, आणि हातात घागरी धरून नुसत्या उभ्या. मग गावातल्या एका म्हाताऱ्या कुणब्याच्या बाईनं आपला दोर पुढे केला. चांगल्या मनानं केला, हे तुम्हीही नंतर मान्य केलंत. साहेबांना बरं वाटलं. मलाही. आणि तुम्ही म्हणालात, "नको, माय. तुह्या दोरानं काढलं तं ते तुह्यंच देनं झालं. मी माझा आनीन."

म्हातारी म्हणाली, "हट्टी हायेस." तुम्ही म्हणालात, "हो."

साहेबांची जीप तशीच परतली. मी वाटेत मनातल्या मनात तुमच्यावर चिडलो होतो. इतक्या वर्षांनी काठावर चढलात आणि पाणी न काढता उतरलात. पुढच्या बाजारी तुम्ही नेरला जाऊन अंबाडीचा नवा दोर आणलात, आणि साहेबांच्या हुकमानं त्या दिवशी जमादार विहिरीवर उभा राहिला. मी काही तिथं नव्हतो. पहिली बादली अर्धीच आली म्हणे. हाताला सवय नव्हती. तुम्ही ती परत सोडलीत आणि भरून काढलीत. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तुमचे तळहात सोललेले होते आणि तुम्ही ते मला दाखवत होतात, लहान मुली मेंदी दाखवतात तशा.

इथं गोष्ट संपायला हवी होती. सगळ्यांना तसंच वाटलं, मलाही. पण पुढच्या महिन्यात तुम्ही खिडकीशी हजर. नवा अर्ज. विहीर मिळाली, उपकार नाही. आता अहवाल खोटा कोणी लिहिला, खरा कोणी मानला, त्याचं काय केलं, याचं उत्तर द्या.

मी तेव्हा तुमच्याशी आवाज चढवून बोललो. "पाणी मिळालं ना, बाई? आता कायले?"

"पानी माझंच होतं, ते मले मिळालं. उत्तर तुमचं हाये. ते तुमी द्या." मग आवाज खाली आणून म्हणालात, "उद्या दुसऱ्या गावची बाई अर्ज देईन. हाच जमादार तिच्याही हातात दोर देईन. तिले शेळीचं दावं पाहनारा साहेब भेटन काय?"

तो साहेब आपल्यालाही राहिला नव्हता, त्याची बदली झाली होती. जमादाराला बढती मिळून तो दुसऱ्या ठाण्यात गेला होता. आणि तुमचा अर्ज, नियमाप्रमाणे, अहवालासाठी त्याच जमादाराकडं पाठवण्यात आला. आमचे हेडक्लार्क माणूस म्हणून वाईट नाहीत, लेकीच्या लग्नात मला शेजारी बसवून जेवू घातलं त्यांनी. पण ते म्हणाले, "राठोडबाबू, आपलेच दात अन् आपलेच ओठ. कोनाले चावायचं?" तुम्ही खिडकीतून ऐकत होतात. म्हणालात, "हे मले लिहून द्या." हेडक्लार्क पान खायला उठून गेले. पुढच्या काही वर्षांत तुमचं पांढरं लुगडं फाटकात दिसलं की त्यांना पानाची तलफ येऊ लागली.

मी तुम्हाला समजावलं होतं, साहेब लोकांना असं लेखी मागत नसतात. तुम्ही मला विचारलंत, "मंग तोंडीच काम करायचं होतं तं इतकी कागदं कायले ठेवली?" हा टोमणा नव्हता. तुम्हाला उत्तर हवं होतं, आणि तुम्ही वाट पाहत माझ्या तोंडाकडं बघत होतात. मी अजून शोधतोय, बाई.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही शेवटच्या आलात. खोकला छातीत उतरला होता. कडुलिंबाखाली बसूनच राहिलात, खिडकीपर्यंत आला नाहीत, म्हणून मी बाहेर आलो. "कुठं गेला माझा अर्ज?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, ठाण्यातून परत आला, साहेबांच्या टेबलावर आहे. "फिरून फिरून घरीच येते," तुम्ही म्हणालात, आणि पिशवीतून बोरं काढून दिलीत. मला तेव्हा तुम्हाला ‘याडी’ म्हणावंसं वाटलं होतं. आमच्या बोलीत आईला म्हणतात. पण अर्जदाराला असं म्हणायची पद्धत नाही, आणि बोरं तोंडात होती, आणि पुढच्या खेपेला म्हणू असं वाटलं.

मंगळवारी रजा टाकून तुमच्या घरी गेलो. सुनेनं मला ओळखलं, "अर्जाचे बाबू नं?" असं म्हणाली. मला बसायला पोतं टाकलं आणि पाणी दिलं. मी ते पीत असताना दाराजवळच्या खुंटीला टांगलेला दोर पाहत होतो. "हा कितवा?" मी विचारलं. ती म्हणाली, आधीचे झिजले, आता पुऱ्यात घरोघरी दोर हाये, लेकराच्या लग्नात बी देतात. शेवटच्या आंघोळीचं पाणी त्या विहिरीचंच होतं, तिनं काढलं होतं. सकाळच्या पाण्यानं दोर अजून ओला होता. मी हात लावून पाहिला, का ते माहीत नाही.

परत येताना बसमध्ये मला जमादाराचं वाक्य आठवलं. ‘अर्जदार बाई आपल्या दोर-बादलीने रोज पाणी भरते.’ तुम्ही ते खरं करून टाकलंत. तळहात सोलून, बाजारातून दोर आणून, तुम्ही एका खोट्या वाक्यात जाऊन राहिलात. ते वाक्य लिहिणाऱ्याला हे कधी कळणार नाही, याचा मला राग येतो, आणि पुन्हा तुमच्यासारखं नवलही वाटतं.

नवल करायला फार वेळ मिळाला नाही. बुधवारी हेडक्लार्कनी तुमची फाईल माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "बाई गेली म्हनतात. अर्जदार मयत, असा शेरा मार अन् लाव दप्तरी." मी म्हटलं, पण उत्तर द्यायचं राहिलं आहे. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, कोनाले द्यायचं उत्तर? अन् अहवाल तरी आता खोटा कुठं हाये? भरतेच नं पानी ते लोकं, आपल्या दोरानं? सध्याची स्थिती पाह्यली तं मजकूर बरोबर हाये."

बाई, मला माहीत आहे, हे ऐकून तुम्ही हसला असता, डोळ्याला पदर लावून. आणि मग तुमची कुतूहलाची नजर त्यांच्याकडं लावून बसला असता. मीही त्यांच्याकडं तसं बघायचा प्रयत्न केला. घरी बायको आहे, पोरं आहेत, बढतीची यादी याच माणसाच्या हातून जाते. हे सगळं तेवढ्यात आठवून गेलं.

मग म्हटलं, "साहेब, हे मला लिहून द्या."

"काय?"

"आत्ता बोललात ते. अहवाल खोटा होता पण आता खरा झाला, म्हणून प्रकरण बंद. सही करून द्या, मी लगेच दप्तरी लावतो."

खोलीतले बाकीचे बाबू लिहायचे थांबले. हेडक्लार्कनी पेनाचं टोपण काढलं, पेन कागदावर टेकवलं, टोपण पुन्हा लावलं. माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. ते पान खायला उठून गेले.

शेरा मी मारलेला नाही. आज शनिवार आहे, सगळे घरी गेलेत, आणि मी हे लिहितोय. सोमवारी काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि सरकार थकतं की खोटं बोलतं या आपल्या भांडणातही मी तुमच्या बाजूला पुरता आलो आहे असं नाही. पण तुमचा एक प्रश्न तेवढा मला नेमका येतो. तुम्ही विचारण्याआधीच सांगतो, याडी. तुमचा अर्ज कुठं गेला नाही. तो इथंच आहे, माझ्या टेबलावर.